फुफाट्यातला कॅमेरा

छोट्या डिजिटल कॅमेऱ्यात हलणारे भाग मोजकेच असतात. भिंगाची आतबाहेर होणारी नळी, तिच्या तोंडावरच्या पापण्यांसारख्या झाकण्या, शटर आणि बटणे. बाकी सगळा विजेचा मामला. त्यामुळे असा कॅमेरा अडला की कारण बहुधा दोनच ठिकाणी सापडते: नळीत काहीतरी शिरलेले असते, नाहीतर वीज जिथे पोहोचायला हवी तिथे पोहोचत नसते. दुधनीत दोन्हींना निमित्त भरपूर. अक्कलकोट तालुक्यातले हे कर्नाटकच्या सीमेजवळचे गाव तुरीची बाजारपेठ म्हणून ओळखले जाते. तुरीची रास होते त्या दिवसांत मळणीचा भुसा आणि काळ्या मातीचा फुफाटा हवेत तरंगत असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर चढतो, आणि बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराची कमाल मर्यादा नेमकी ४० अंश दिलेली असते.

जपानमधील कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले, त्यातले बहुसंख्य खिशात मावणारे. २०२३ मध्ये अशा छोट्या कॅमेऱ्यांची संख्या १७ लाखांच्या आसपास उरली. मोबाईलने ती जागा घेतली. पण घरोघरच्या कपाटांत ठेवलेले जुने कॅमेरे संपलेले नाहीत, आणि अलीकडे कॉलेजातली मुले ते पुन्हा बाहेर काढू लागली आहेत. कंपन्यांकडे त्यांचे सुटे भाग आता क्वचितच मिळतात. म्हणून दोष कुठे आहे हे घरच्या घरी ओळखता येणे पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे.

पहिला संशय नेहमी सेलवर घ्यावा. कॅमेरा अजिबात सुरू होत नाही, सुरू होऊन लगेच बंद पडतो, झूम अर्ध्यावर थांबतो, फ्लॅश चमकत नाही: या चारही तक्रारींचे मूळ एकच असू शकते. झूमची मोटर फिरताना आणि फ्लॅश भरताना कॅमेरा क्षणभर खूप वीज ओढतो. घड्याळात किंवा रिमोटमध्ये वर्षभर चालणारा किराणा दुकानातला साधा पेन्सिल सेल हा भार पेलू शकत नाही. त्याचा दाब खाली येतो आणि कॅमेरा ‘सेल संपला’ असे समजून स्वतःला बंद करून घेतो. तोच सेल पुन्हा घड्याळात घातला तर घड्याळ चालते, त्यामुळे माणूस दोष कॅमेऱ्याला देतो. दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला अल्कलाइन सेल किंवा पुन्हा चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल लागतात. दुसऱ्या प्रकारावर १.२ व्होल्ट लिहिलेले असते, अल्कलाइनवर १.५. आकडा कमी असूनही भाराखाली टिकतात ते हेच.

सेल नवे असूनही कॅमेरा सुरू होत नसेल तर सेलच्या कप्प्यातल्या पितळी पट्ट्या पाहाव्यात. वर्षानुवर्षे आत राहिलेला सेल पाझरतो आणि पट्टीवर पांढरट किंवा हिरवट कीट धरते. कोरड्या कापडाने किंवा पेन्सिलच्या खोडरबराने ते पुसले जाते. अल्कलाइन सेलचे घट्ट कीट असेल तर कानकाडीवर व्हिनेगरचा एखादा थेंब पुरतो, त्यानंतर पट्टी पूर्ण कोरडी करावी.

चपट्या लिथियम बॅटरीची गोष्ट वेगळी. ती तीन-चार वर्षे रिकामी पडून राहिली की आतले संरक्षक सर्किट तिला बंद करून टाकते, आणि चार्जर तिची दखलच घेत नाही. बाहेरून तारा जोडून तिला ‘जागी’ करण्याचा प्रयोग करू नये, त्यात पेट घेण्याचा धोका असतो. त्याच क्रमांकाची नवी बॅटरी घेणे हाच मार्ग. पोट फुगलेली बॅटरी लगेच बाजूला ठेवावी. उन्हात उभ्या गाडीत कॅमेरा विसरला की बॅटरीची ही गत लवकर होते.

तारीख दर वेळी मागे जाते ही तक्रार मात्र मुख्य बॅटरीची नसते. घड्याळ चालू ठेवायला आत वेगळी सोय असते. काही मॉडेलमध्ये ती बदलता येणारी बटणासारखी चकती असते. काहींत मुख्य बॅटरीवरच भरून घेणारा छोटा साठा असतो, त्यासाठी भरलेली बॅटरी दिवसभर आत ठेवावी लागते.

यानंतर कार्ड. १९९९ मध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता म्हणजे आजची पॅनासॉनिक, आणि तोशिबा यांनी मिळून एसडी कार्ड आणले. त्या पहिल्या पिढीची मजल २ जीबीपर्यंत. २००६ मध्ये आलेली एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत जातात, त्यापुढची एसडीएक्ससी. तिन्ही दिसायला सारखी आणि खाचेत बसतातही सारखी, म्हणून घोटाळा होतो. २००५चा कॅमेरा आज दुकानात सहज मिळणारे ६४ जीबीचे कार्ड वाचूच शकत नाही. तो फक्त ‘कार्ड खराब’ म्हणतो. कार्ड चांगले असते, कॅमेराही चांगला असतो, एकाला दुसऱ्याची भाषा येत नसते. कॅमेऱ्यावर केवळ ‘एसडी’ लिहिले असेल तर २ जीबी किंवा त्याहून लहान कार्ड शोधावे. जुन्या ऑलिंपस आणि फुजीला लागणारी एक्सडी कार्डे, तसेच सोनीच्या मेमरी स्टिक, आता जुन्या मालातच मिळतात.

‘कार्ड लॉक’ असा संदेश आला तर कार्डाच्या डाव्या कडेची बारीक सरकती खुंटी वर करावी. ती सैल होऊन आत जाताना आपोआप खाली सरकते, अशा वेळी चिकटपट्टीचा पातळ तुकडा काम भागवतो. ‘मेमरी फुल’ म्हणणारा पण कार्डावरचा एकही फोटो न दाखवणारा कॅमेरा बहुधा कार्डाविना चालू असतो आणि आतल्या जेमतेम काही एमबींच्या साठ्यावर फोटो घेत असतो.

कार्ड दगावले असे वाटले की सर्वांत आधी त्यावर नवे फोटो घेणे थांबवावे. ‘फॉरमॅट करू का’ या प्रश्नाला होकार देऊ नये. पुसलेला फोटो कार्डावरून तत्काळ जात नाही, जाते ती त्याची यादीतली नोंद. त्या जागेवर दुसरा फोटो लिहिला जाईपर्यंत फोटोरेकसारखे मोफत सॉफ्टवेअर तो बाहेर काढू शकते. लग्नाचे, बारशाचे किंवा आता हयात नसलेल्या माणसाचे फोटो कार्डात असतील तर कॅमेऱ्याच्या दुरुस्तीआधी कार्ड रीडरने ते संगणकावर उतरवून घ्यावेत. कॅमेरा दुसरा मिळतो.

आता नळी. कॅमेरा चालू करताच ‘लेन्स एरर’ हे शब्द उमटतात, बीप वाजते आणि नळी अर्ध्यावर अडकते. कॅननच्या जुन्या मॉडेलवर याच दोषाचा सांकेतिक आकडा ई१८ असे. नळी बाहेर काढणारी मोटर शेंगदाण्याएवढी आणि तिचे दातेरी चक्र प्लास्टिकचे. नळी ठरलेल्या वेळात ठरलेल्या जागी पोहोचली नाही तर मोटर जळू नये म्हणून कॅमेरा माघार घेतो. अडथळा वाळूच्या एका कणाचाही असू शकतो. फुफाट्याची माती पिठासारखी बारीक असते, ती नळीच्या दोन कड्यांमधल्या फटीत बसते आणि पुढच्या वेळी नळी आत जाताना सोबत जाते. कॅमेरा खिशात असताना बटण दाबले जाणे आणि हातातून पडणे ही बाकीची नेहमीची कारणे.

इथेही सुरुवात पूर्ण भरलेल्या बॅटरीने करावी, कारण अर्धवट बॅटरीवर नळी तशीही अडते. बॅटरी आणि कार्ड काढून काही मिनिटे थांबावे. मग भिंग जमिनीकडे धरून रबरी फुग्याच्या ब्लोअरने फटीभोवती हवा मारावी, म्हणजे सुटलेला कण आत न जाता खाली पडेल. भिंग खालीच ठेवून कॅमेरा चालू करावा. हे तीन-चारदा करावे लागते. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे तुषार भिंगावर बसतात. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको. तिचा जोर धूळ आणखी आत ढकलतो आणि सोबत पाणी-तेलाचे कणही नेतो. शिलाई मशीनचे तेल नळीला लावले की ती एकदा सुरळीत फिरते, मग त्याच तेलावर धुळीचा लेप चढतो आणि कॅमेरा कायमचा जातो. पडल्यामुळे तिरकी झालेली नळी हाताने दाबून जागेवर बसवल्याची उदाहरणे आहेत, मोडल्याचीही आहेत. दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा जास्त असेल आणि फोटो उतरवून झाले असतील, तरच तो उपाय करावा.

पापण्या अर्ध्याच उघडल्या तर फोटोचा कोपरा काळा येतो. मऊ कोरडा ब्रश फिरवला की त्या सुटतात. काच पुसण्याआधी धूळ उडवून घ्यावी आणि मग चष्म्याचे कापड वापरावे. उपरणे किंवा सदऱ्याचे टोक चटकन हाती येते, पण कापडात बसलेली माती काचेवर घासली जाते. आत शिरलेली धूळ ओळखण्याची खूण सोपी आहे. झूम पूर्ण ताणून निरभ्र आकाशाचे दोन-तीन फोटो घ्यावेत. काळपट ठिपका प्रत्येक फोटोत त्याच जागी दिसला तर कण आतल्या, फोटो टिपणाऱ्या सेन्सरवर आहे, तो बाहेरून निघत नाही.

धुळीचा आणखी एक परिणाम बिघाड नसूनही लोकांना कोड्यात टाकतो. रात्री खळ्यावर, पालखीत किंवा यात्रेत फ्लॅश मारून घेतलेल्या फोटोत पांढरे, अर्धपारदर्शक गोळे तरंगताना दिसतात. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगापासून दोन-तीन सेंटिमीटरवरच असतो. भिंगासमोर वीतभर अंतरावर असलेल्या धूलिकणावर त्याचा झोत पडतो आणि सरळ परत भिंगात येतो. इतक्या जवळचा कण फोकसमध्ये येत नाही, म्हणून ठिपक्याऐवजी त्याची चकती उमटते. पावसाच्या बारीक थेंबांनीही तेच होते. देवळातल्या फोटोत अशा चकत्या आल्या की त्यांना दैवी अर्थही दिला जातो. त्याच जागी फ्लॅश बंद करून दुसरा फोटो घेतला की त्या नाहीशा होतात.

फ्लॅशची पोच साधारण तीन ते चार मीटर, झूम केल्यावर त्याहून कमी. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत संक्रांतीच्या सुमारास निघणाऱ्या सात नंदीध्वजांचा फोटो गर्दीच्या मागून घेताना फ्लॅश पुढच्या माणसाची पाठ उजळतो आणि ध्वज अंधारात राहतात. फ्लॅश बंद करावा, कॅमेरा भिंतीवर किंवा कठड्यावर टेकवावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बटण दाबतानाचा हिसका फोटोत येत नाही. शोभेच्या दारूकामालाही हीच रीत.

दिवसा फोटो हललेला किंवा अस्पष्ट येत असेल तर बटण एका दमात दाबले जाते का ते पाहावे. अर्धे दाबून हिरवी चौकट येऊ द्यायची आणि मग पूर्ण दाबायचे. कॅमेरा ‘उशिरा’ फोटो घेतो ही तक्रारही याने जाते. जवळून फोटो घेण्यासाठीचे फुलाचे चिन्ह चालू राहिले असेल तर दूरची माणसे अस्पष्ट येतात. पांढरे धोतर, पांढरी टोपी घातलेल्या मंडळींचा फोटो करडा येतो आणि काळ्या म्हशीचा पांढुरका, कारण कॅमेरा प्रत्येक दृश्य मध्यम करड्या उजेडाचे धरून मोजतो. अधिक-उणेचे बटण पहिल्या वेळी अधिककडे, दुसऱ्या वेळी उणेकडे थोडे सरकवले की रंग जागेवर येतात.

पडद्यावर सूर्य किंवा दिवा आला की उभा जांभळा पट्टा दिसणे हा जुन्या कॅमेऱ्यांतल्या सीसीडी प्रकारच्या सेन्सरचा स्वभाव आहे, बिघाड नाही. पण सगळाच फोटो जांभळा, फाटल्यासारखा किंवा काळा येऊ लागला आणि जुने फोटो मात्र नीट दिसत असले, तर सेन्सर गेला असे समजावे. २००५ मध्ये सोनीने बनवलेल्या काही सीसीडींमध्ये उष्ण-दमट हवेत आतल्या सूक्ष्म तारांचे जोड सुटतात हे उघड झाले. तेच सेन्सर कॅनन, निकॉन, फुजी आणि ऑलिंपसच्याही अनेक मॉडेलांत होते. या कंपन्यांनी वॉरंटी संपलेले कॅमेरेही मोफत दुरुस्त करून दिले. आज तो सेन्सर मिळणे जवळपास अशक्य आहे.

पावसाळ्यात गाडीच्या वातानुकूलित डब्यातून दुधनीच्या फलाटावर उतरताच कॅमेरा बाहेर काढला तर थंड भिंगावर दव धरते. तो बंद प्लास्टिक पिशवीत अर्धा तास ठेवून मग काढावा. पाण्यात पडलेला कॅमेरा चालू करून पाहू नये. बॅटरी लगेच काढावी आणि तो सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोन-तीन दिवस वाळू द्यावा. तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपाय नको, तांदळाची भुकटीच आत जाते.

स्क्रू उघडण्याचा मोह मात्र टाळावा. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात आणि बॅटरी काढल्यावरही बराच वेळ टिकतात. कॅमेरे उघडण्याची सवय असलेला कारागीर आधी तो रिकामा करतो, मगच पुढचे काम हाती घेतो.

वापर नसताना बॅटरी अर्धी भरून, कॅमेऱ्याबाहेर, घरातल्या थंड जागी ठेवावी. कॅमेरा कातडी म्यानात न ठेवता सिलिका जेलच्या पुडीसह झाकणाच्या डब्यात ठेवावा, म्हणजे भिंगावर बुरशी धरत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी बॅटरी घालून नळी चार-पाचदा आतबाहेर करावी.