तीन प्रमाणे : अध्यापकांचे ग्रंथ, ध्वनिमुद्रणे व चित्रे आणि आपला तापीकाठ

विद्यापीठांतील अध्यापकांनी वर्षभरात कोणते ग्रंथ प्रसिद्ध केले, कोणती ध्वनिमुद्रणे केली व कोठे चित्रांचे प्रदर्शन भरविले, याच्या याद्या हल्ली नियमाने निघतात. त्या वाचून अध्यापकांचे अभिनंदन करावे व यादी बाजूस ठेवावी, एवढाच आपला त्यांच्याशी संबंध असावा काय? इतिहासाच्या अभ्यासकास त्या यादीतील प्रत्येक कृती हे एक साधन आहे, आणि साधन म्हटले की त्याची पारख आली. आमच्या सारंगखेड्यास मार्गशीर्ष पौर्णिमेस एकमुखी दत्ताची यात्रा भरते व घोड्यांचा मोठा बाजार होतो. तेथे जाणता गिऱ्हाईक घोड्याच्या अंगावरील साज पाहून पैसे मोजीत नाही. तो आधी घोड्याचे दात पाहतो. ग्रंथ, ध्वनी व चित्र यांचे दात कोठे पाहावे, हे आपल्या खानदेशातील उदाहरणांवरून सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशी चार प्रमाणे मानिली. ग्रंथ हे शब्दप्रमाण होय. सांगणारा आप्त, म्हणजे विषय जाणणारा व यथार्थ बोलणारा, असेल तेवढेच त्याचे बळ. ध्वनिमुद्रण प्रत्यक्षाच्या सर्वांत जवळ जाते. चित्राची प्रतिकृती ही सादृश्यावर उभी असल्यामुळे तीस उपमानाच्या जवळ बसवावे लागेल. अनुमान मात्र तिहींतही शिरते, व घोटाळा होतो तो बहुधा तेथेच.

प्रथम ग्रंथ घेऊ. तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथे १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केले. ते अध्यापक नव्हते, केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे अधिकारी होते. तथापि पुढील अध्यापकांच्या लेखनास त्यांच्या कामाचा आधार मिळाला, म्हणून त्यापासून आरंभ करणे युक्त होय. तेथे वस्तीचे चार कालखंड आढळले. सर्वांत खालचा ताम्रपाषाणयुगाचा. त्यानंतर वस्ती काही शतके खंडित झाली व मग लोखंड वापरणारे लोक आले. याचा सविस्तर वृत्तांत खात्याच्या इंग्रजी नियतकालिकात निघाला तो १९६७ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अध्यापकांनी खानदेशातील हे काम पुढे नेले. धुळे जिल्ह्यातील कवठे येथील उत्खननाचा म. के. ढवळीकर, वसंत शिंदे व शुभांगना अत्रे यांचा वृत्तांत १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. तापीच्या खोऱ्यातील सावळदा या गावावरून जिला नाव पडले, त्या प्राचीन संस्कृतीवर त्याने मोठा प्रकाश पडला.

असा ग्रंथ वाचताना एक विवेक नेहमी राखावा. कोणता थर कोणत्या थराखाली होता व त्यात कोणती खापरे सापडली, हे उत्खनकाने डोळ्यांनी पाहिलेले असते. तो थर अमुक शतकाचा, हे मात्र त्याने इतर स्थळांशी ताडून अथवा कोळशाच्या परीक्षेवरून काढलेले अनुमान असते. परीक्षेची पद्धत सुधारली की शतके बदलतात. थरांचा क्रम बदलत नाही. म्हणून जुना वृत्तांत 'कालबाह्य' म्हणून टाकणारा जितका चुकतो, तितकाच त्यातील सनांना वेदवाक्य मानणाराही चुकतो.

दुसरा प्रश्न भाषेचा. ज्या गावाच्या मातीतून ही खापरे निघाली, तेथील शेतकऱ्यास तो इंग्रजी वृत्तांत कोठून वाचता येणार? ह. धी. सांकळिया व म. श्री. माटे यांचा 'महाराष्ट्रातील पुरातत्त्व' हा ग्रंथ १९७६ मध्ये मराठीत आला. ढवळीकरांनी 'महाराष्ट्राची कुळकथा' मराठीत लिहिली. या अध्यापकांचे आपल्यावर ऋण आहे ते केवळ संशोधनाबद्दल नव्हे, ते संशोधन ज्यांचे त्यांना परत सांगितल्याबद्दल.

आता ध्वनी. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्ये निघाला. त्यात खानदेशीचा विचार भिल्ली भाषांबरोबर केलेला आहे, मराठीबरोबर नव्हे. मराठी अभ्यासकांपैकी अनेकांनी पुढे अहिराणीस मराठीची बोली मानिले. हा वाद येथे सोडविण्याचा माझा अधिकार नाही. परंतु तो कोणत्या साधनांवर चालला, हे पाहण्यासारखे आहे. त्या सर्वेक्षणाची सामग्री मुख्यतः लेखी नमुन्यांची होती, व एकच ठरावीक गोष्ट ठिकठिकाणच्या बोलीत उतरवून घेतलेली होती. त्याच सर्वेक्षणासाठी पुढे ग्रामोफोनच्या तबकड्याही केल्या गेल्या, यावरून लेखी नमुन्याची अपूर्णता त्यांसही जाणवली असावी. अहिराणी बोलणारा 'डोळा' यास 'डोया' म्हणतो व 'मला' यास 'माले' म्हणतो, एवढे कागदावर लिहिता येते. पण वाक्याचा चढउतार, स्वराची लांबी, बोलणारा कोठे थांबतो, हे कागद कसे सांगणार?

डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६३ पासून मराठीच्या बोलींवर जी पुस्तकमाला प्रसिद्ध केली, तिचे साधन छापील अक्षर हेच होते. अलीकडे डेक्कन कॉलेजच्या भाषाशास्त्राच्या अध्यापकांनी राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने बोलींचे जे सर्वेक्षण केले, त्यात मात्र लोकांचे प्रत्यक्ष बोलणे मुद्रित करून ते महाजालावर ऐकावयास ठेविले आहे. हा बदल साधा नव्हे. पूर्वी आपणास संशोधकाच्या कानावर विश्वास ठेवावा लागे. आता त्याच्या निष्कर्षाची परीक्षा आपल्या कानाने करता येते.

तथापि ध्वनिमुद्रणासही दात पाहावेच लागतात. कोण बोलले, त्याचे वय काय, माहेर-सासर कोठले, कोणत्या दिवशी व कोणासमोर बोलले, हे न लिहिलेले ध्वनिमुद्रण म्हणजे मिती व स्थळ नसलेले पत्र होय. आमच्या बाजारात अहिराणी, गुजरी व भिल्ली या तिन्ही कानावर पडतात, आणि एकच मनुष्य गिऱ्हाईक पाहून बोली बदलतो. शिवाय शहरातून पाहुणा आला की घरात अहिराणी बोलणारी बाई शाळेतले 'शुद्ध' बोलू लागते. त्या शुद्धतेचे मुद्रण करून ती गावाची बोली म्हणून नेली, तर यंत्राचा दोष नाही; यंत्राने ऐकले ते खरेच होते.

येथे एक स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी एक अध्यापक आमच्या भागात जात्यावरच्या ओव्या मुद्रित करण्यास आले. माझ्या शेजारच्या एका वृद्ध मावशी गाण्यास लाजत होत्या. "गुरुजी, तुम्ही म्हणता म्हणून गाते," असे म्हणून त्यांनी दोन दुपारी ओव्या गायिल्या. एक प्रत घरी पाठवू, असे पाहुण्यांनी सांगितले, व त्यांच्या वतीने मीही शब्द दिला. प्रत आली नाही. दोन पत्रांस उत्तर नाही. मावशी गेल्या. त्यांची नात मजकडे शिकत होती; "आजीचा आवाज कोठे आहे?" असे तिने विचारले, तेव्हा मजजवळ उत्तर नव्हते. माझी चूक अशी की मी त्या वेळी काहीच लिहून घेतले नाही, पाहुण्यांचा पत्तासुद्धा अपुरा. बहिणाबाई चौधरी यांचे नाव आज जळगावच्या विद्यापीठास आहे. ते २०१८ मध्ये दिले गेले. त्यांस अक्षरओळख नव्हती. घरच्या माणसांनी ओव्या वेळेवर टिपून ठेविल्या, म्हणून १९५२ मध्ये त्यांच्या पश्चात पुस्तक निघू शकले. घरच्यांनी टिपले म्हणून ते राहिले, हा बोध मला उशिरा झाला.

तिसरे साधन चित्र. मुंबईच्या कलाशाळेचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात, खानदेशच्या सीमेवरील अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या लंडनला गेल्या, व तेथे १८८५ च्या आगीत त्यांतील बऱ्याच जळाल्या. त्यांच्या आधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या प्रतिकृती १८६६ मध्ये तेथेच अशाच भस्मसात झाल्या होत्या. ग्रिफिथ्स यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला. मूळ चित्रांचे काही भाग पुढे झडून गेले; त्यांच्यासाठी आज ही प्रतिकृतीच साक्षी आहे. पण नक्कल स्पष्ट उतरावी म्हणून मूळ चित्रांवर जे रोगण फासले गेले, त्याने त्यांस अपायही झाला. चित्रप्रदर्शन पाहताना म्हणून तीन गोष्टी विचाराव्या : चित्रकाराने काय पाहिले, काय भरून काढिले, आणि पाहताना मूळ वस्तूचे काय झाले.

तिन्ही उदाहरणांत एकच सूत्र आहे. साधन जेथे उपजले तेथे त्याची एकही प्रत राहिली नाही, तर दूरची एक आग किंवा एक विसराळू माणूस ते नाहीसे करण्यास पुरेसा होतो. याच्या उलट उदाहरणही खानदेशातच आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यास वारले, आणि लगेच १९२७ मध्ये तेथेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले; त्यांनी जमविलेली कागदपत्रे खानदेशात राहिली.

तेव्हा येणाऱ्या अध्यापकांचे स्वागत करावे, दार लावू नये. पण तीन गोष्टी आधी मागाव्या. मुद्रणाची वा चित्राची एक प्रत गावच्या वाचनालयात यावी. निष्कर्षाची चार पाने मराठीत यावी. व गाणाऱ्याचे, सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने ग्रंथात यावे. आणि आपणही मिती, स्थळ, नाव व पाहुण्याचा पुरता पत्ता त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावा. मी आता अशी वही ठेविली आहे. तिच्या पहिल्या पानावर मावशींचे नाव आहे, आणि पुढची जागा कोरी आहे.