उन्हाळा, मुले आणि घरचा थंड खाऊ

चौदा एप्रिलची जयंती आणि वैशाख पौर्णिमा हे आपले दोन्ही मोठे दिवस ऐन उन्हाळ्यात येतात. लेझीम खेळणारी, हाती पंचशील ध्वज घेऊन मिरवणुकीत चालणारी मुले दोन-दोन तास उन्हात असतात. त्यानंतर सुट्टी लागली की दिवसभर आंब्याखाली नाहीतर समुद्रावर. अशा वेळी मुलांना काय खाऊ घालावे व काय पाजावे, याचा विचार माता-भगिनींनी आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनीही करावा, असे आम्हास वाटते.

उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या आपल्या किनारपट्टीवर पारा विदर्भाइतका चढत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. परंतु येथील हवा दमट आहे. घाम सुकतो तेव्हा अंग थंड होते. दमट हवेत तो सुकत नाही, नुसता वाहतो. त्यामुळे अंगातील पाणी व मीठ जाते, उष्णता मात्र तशीच राहते. १६ एप्रिल २०२३ रोजी आपल्याच जिल्ह्यात खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमात ऊन लागून १४ जणांना प्राण गमवावे लागले. ती तर मोठी माणसे होती. लहान मुलाचे अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापते, आणि खेळाच्या नादात त्याला तहानेचे भानही नसते.

मुले मागतात ती आईसकांडी आणि बर्फाचा गोळा. जिभेला गार लागणे वेगळे आणि गेलेले पाणी-मीठ भरून निघणे वेगळे. शिवाय आपल्या बंदरांवर मासळीसाठी जो बर्फ येतो, तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. अशा अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याची सक्ती महाराष्ट्रात २०१८ साली करण्यात आली, ती याच कारणासाठी. जयंतीच्या सरबताच्या पिंपात लादी टाकण्यापूर्वी ती कोठून आली, हे विचारावे. त्याहून बरे म्हणजे आदल्या रात्री पाणी उकळून माठांत भरून ठेवावे.

आता खाऊकडे वळू. आमच्या मते पहिला मान आंबिलीचा. चार चमचे नाचणीचे पीठ वाटीभर पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी दोन भांडी पाणी उकळून त्यात ते ओतावे व गुठळी होऊ न देता पाच-सात मिनिटे शिजवावे. गार झाल्यावर ताक, मीठ, जिरेपूड आणि आवडत असल्यास ठेचलेली लसूण घालावी. पाणी, मीठ, ताक आणि पोटाला आधार असे सारे एकाच वाटीत मिळते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, ते वाढत्या हाडांना हवेच. आपल्या आजी-आजोबांनी आंबिलीवर शेतीची कामे उरकली. पुढे चार पैसे आले तशी ती गरिबीची खूण वाटू लागली आणि पाहुण्यांसमोर खोक्यातला रस आला. आता तीच नाचणी शहरातील दुकानांत चढ्या भावाने विकली जाते, हे पाहून हसू येते.

कोकम सरबतासाठी दहा-बारा आमसुले दोन भांडी पाण्यात तासभर भिजवून कुस्करावीत व गाळून घ्यावीत. त्यात गूळ आणि जिरेपूड घालावी. आमसुलात मूळचे मीठ असते, म्हणून आधी चाखावे, मग लागल्यास मीठ घालावे. कैरी उकडून केलेले पन्हेही असेच गुणकारी, फक्त गुळाचा हात आवरता ठेवावा.

संध्याकाळच्या भुकेला दडपे पोहे करावेत. पातळ पोह्यांवर ओले खोबरे, बारीक चिरलेला अलिबागचा पांढरा कांदा, लिंबू, मीठ व नारळाचे पाणी शिंपडून दहा मिनिटे दडपून ठेवले की झाले. चूल पेटवायला नको, मुलींनी नि मुलग्यांनीही स्वतः करावेत. ताडगोळे, शहाळे, कलिंगड यांविषयी काय सांगावे! ती निसर्गानेच बंद करून दिलेली पाणपोई आहे. मात्र कापून उघड्यावर ठेवलेले कलिंगड घेऊ नये.

जुलाब-उलट्या झाल्यास सरबतावर विसंबू नये. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. मीठ याहून जास्त होता कामा नये. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ-साखरेच्या अशाच द्रावणाने असंख्य जीव वाचवले. सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरील खाऊ-सरबतांपैकी काहीही न देता अंगावरचे दूध वारंवार पाजावे.

मूल सुस्त पडले, असंबद्ध बोलू लागले, अंग तापून निघाले किंवा बराच वेळ लघवी झाली नाही, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, ओल्या फडक्याने अंग पुसत वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणीसुद्धा घालू नये.