तेलाच्या विहिरीत दारे कोण धरतो?

उसाला पाणी देताना दारे धरावे लागते, हे आपणांस सांगायला नको. पाटातून पाणी येते. एका वाफ्याचे दार फोडायचे, तो भिजला की मातीने बुजवायचे, मग पुढचे फोडायचे. रात्री डुलकी लागली की एकच वाफा तुडुंब भरतो आणि पुढचे सारे कोरडे राहतात. आता हेच काम जमिनीखाली दोन-तीन किलोमीटरवर करायचे असेल तर? तिथे माणूस जात नाही आणि खोरेही पोचत नाही. खनिज तेलाच्या विहिरीत हे काम रोज चालते. ते कसे, ते आज आपण पाहू.

तेलाची विहीर आपल्या विहिरीसारखी ऐसपैस नसते. ते खोल भोक असते. तळाशी त्याची रुंदी जेमतेम वीतभर. त्यात पोलादी नळ सोडलेला असतो. तेलही खाली तळ्यासारखे साठलेले नसते. ओल्या विटेत पाणी मुरावे, तसे ते खडकात मुरलेले असते. बहुधा त्या तेलाच्या खाली पाणी असते आणि पुष्कळदा वर वायू असतो. आपल्या मुंबईपासून समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ साली तेल सापडले. त्या जागेला आज मुंबई हाय म्हणतात. तिथल्या विहिरींतूनही तेलाबरोबर पाणी येते.

पण दारांची गरज का पडते, हे नीट समजायला नॉर्वे देशाकडे जाऊ. हा देश युरोपच्या उत्तरेला आहे. त्याच्या समुद्रात ट्रोल नावाचे मोठे क्षेत्र आहे. तिथे पाण्याची खोली ३०० मीटरांहून अधिक आणि त्याखाली आणखी खोलवर वायू आणि तेल. वायू अफाट, पण तेलाचा थर अगदी पातळ. काही भागांत २२ ते २६ मीटर, तर काही भागांत त्याच्या निम्माच. वर वायू, खाली पाणी आणि मध्ये हा पापुद्रा! हे तेल काढणे परवडणार नाही, असेच आधी वाटत होते. मग विहीर खाली नेऊन आडवी वळवायची युक्ती चांगली साधली. पातळ थरातून ती सरळ आडवी कित्येक किलोमीटर नेली आणि १९९५ पासून तिथे तेल निघू लागले.

आडव्या विहिरीत मात्र एक भानगड असते. नळाच्या सगळ्या लांबीत तेल सारखे येत नाही. एखाद्या ठिकाणचा खडक मोकळा असतो. तिथून वरचा वायू किंवा खालचे पाणी नळात शिरते. दोन्ही तेलाहून पातळ, म्हणून त्यांची धावही जास्त. एकदा वाट सापडली की ते सुटतच नाहीत. नळ वायूने नाहीतर पाण्याने भरून वाहतो आणि बाकीच्या ठिकाणचे तेल मागेच राहते. ते पुष्कळदा कायमचेच राहते, बरं का. म्हणून नळाचे भाग पाडतात आणि प्रत्येक भागाला एक दार बसवतात. यालाच प्रवाह आवरणारा व्हॉल्व्ह म्हणतात. नळाला भोके असतात आणि त्यांवर दुसरी नळी बाहीसारखी सरकते. बाही भोकांवर आली की दार बंद, बाजूला सरली की उघडे.

ही बाही हलवायची कशी? पुष्कळ विहिरींत ती तेलाच्या दाबाने हलवतात. वरून खाली बारीक नळी सोडतात, तिच्यातून दाब दिला की बाही सरकते. ही रीत मजबूत आहे. पण साध्या मांडणीत प्रत्येक दाराला उघडायची एक नळी लागते आणि बंद करायची एक सगळ्यांत मिळून. म्हणजे तीन दारांना चार नळ्या, सहा दारांना सात. विहिरीच्या तोंडाशी एवढ्या नळ्यांना जागा कुठली? शिवाय दार अर्धेच उघडायचे तर खाली आणखी खटपट.

म्हणून दारापाशीच विजेची लहान मोटार बसवायची, असे ठरले. मोटार फिरते भराभर, पण तिच्यात जोर कमी. तिच्यापुढे दातेरी चाके लावली की वेग उतरतो आणि जोर चढतो. शेवटचे चाक मळसूत्राचा दांडा फिरवते. मालट्रकचा जॅक आपण पाहिला असेल. हाताने दांडी फिरवतो आणि भरलेली गाडी उचलली जाते. इथेही तसेच. मळसूत्र फिरते आणि बाही केसभर, बोटभर, हवी तेवढी सरकते. वीज बंद केली तरी ती जागची हलत नाही.

सगळ्या मोटारींना मिळून एकच तार पुरते. ती नळाच्या बाहेरून खाली जाते. प्रत्येक मोटारीला आपला क्रमांक असतो. आम्ही शाळेत हजेरी घेताना 'चार' म्हटले की चार क्रमांकाचाच मुलगा उठे, बाकीचे बसून राहत. वर बसलेला माणूस तसाच पुकारा करतो. त्याच तारेतून खालच्या मापकांवरचा दाब, उष्णता आणि बाही कुठवर आली ते वर कळते. चौथ्या दारातून वायू येऊ लागला तर ते थोडे ओढून घ्यायचे. पूर्ण बुजवायचे की नाही, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते.

यात धोकेही आहेत. जमिनीत एक किलोमीटर खाली गेले की उष्णता साधारण २५ ते ३० अंश वाढते. चार किलोमीटरवर पाणी उकळावे एवढी ऊब. तिथे मोटारीपेक्षा तिला हुकूम देणारे बारीक विजेचे भाग आधी दगा देतात. तीन किलोमीटरवर दाबही दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३०० किलो असतो. म्हणून मोटार स्वच्छ तेलाने भरलेल्या डब्यात ठेवतात आणि त्या तेलाचा दाब बाहेरच्या दाबाएवढाच राहील अशी सोय करतात. नाहीतर डबा चेपायचाच. आणि ती एकुलती एक तार तुटली, तर सगळी दारे एकदम मुकी होतात. दाबाच्या नळ्यांचा पक्ष घेणारे इंजिनिअर आहेत, ते काही उगाच नव्हे.

विहिरीत आणखी एक दार असते, सुरक्षेचे. वर काही अपघात झाला तर विहीर आपोआप मिटावी, म्हणून ते असते. प्रवाहाचे दार वीज गेली तर जिथल्या तिथे राहावे लागते, पण हे दार वीज गेली की स्प्रिंगने मिटले पाहिजे. असे दारही विजेवर चालवणारी विहीर २०१६ साली नेदरलँड्सच्या समुद्रातील के-५-एफ या वायूच्या क्षेत्रात सुरू झाली.

आमच्या रात्रीच्या वर्गात एका शेतकऱ्याने विचारले, "गुरुजी, आमची मोटार जळाली तर आम्ही दोर लावून वर ओढतो. यांची खालची बिघडली तर?" खाली कुणी उतरत नाही, हे आधी सांगावे लागले. आधी लांब तारेला अवजार बांधून खाली सोडतात आणि बाही ढकलून पाहतात. आडव्या विहिरीत तार आपल्या वजनाने पुढे जात नाही, म्हणून अवजाराला स्वतःची चाके असलेली गाडी जोडतात. तेही साधले नाही, तर मोठे यंत्र आणून सारा नळच उपसावा लागतो. समुद्रात त्याला कोट्यवधी रुपये लागतात आणि तेवढे दिवस विहीर बंद राहते. क्षारांचे किटण धरून बाही अडकू नये, म्हणून गरज नसली तरी अधूनमधून प्रत्येक दार थोडे उघडून-मिटून पाहतात.