आमिष, मत्स्याकृती

गळाने मासे पकडताना वापरावयाच्या, लहान माशाच्या आकाराच्या आणि पाण्यातून ओढीत आणले असता पोहत असल्याचा भास निर्माण करणाऱ्या कृत्रिम आमिषास मत्स्याकृती आमिष म्हणतात. इंग्रजीत ते ‘स्विमबेट’ ह्या नावाने ओळखले जाते. गांडूळ, झिंगा, कणकेचा गोळा इ. नैसर्गिक आमिषे वास व चव यांच्या योगे माशास ओढून घेतात. मत्स्याकृती आमिष त्यास आकार, हालचाल आणि कंपने यांच्या योगे फसविते. म्हणून कटला, रोहू व मृगळ ह्या प्लवक, वनस्पती आणि तळातील कुजके पदार्थ खाणाऱ्या माशांसाठी त्याचा फारसा उपयोग होत नाही. जो मासा दुसऱ्या माशांवर जगतो, त्याच्यासाठीच ते असते.

ह्या आमिषांचा सर्वांत मोठा विकास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, मोठ्या तोंडाचा बास ह्या तेथील मूळच्या भक्षक माशाच्या शिकारीसाठी झाला. तथापि बास महाराष्ट्राच्या जलाशयांत आढळत नाही. त्याची जागा येथे मरळ, शिवडा, शिंगाडा, चालट इ. मासे घेतात. प्रस्तुत नोंदीत आमिषाच्या निवडीचे विवेचन बीड जिल्ह्यातील जलाशय डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. कारण गढूळ पाणी, सतत बदलणारी पातळी आणि बुडालेली झाडेझुडपे ही निवडीला अवघड करणारी तिन्ही लक्षणे तेथे एकत्र आढळतात.

इतिहास : कोणत्या माशास काय खाऊ घालावे हा विचार ह्या प्रदेशात जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लास ह्या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद हे स्वतंत्र प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याची रीत वर्णिली आहे. बीडचा प्रदेश त्या काळी ह्याच राजसत्तेखाली होता. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी ह्या प्रकरणाचा आधुनिक शास्त्राच्या दृष्टीने अभ्यास केला. ब्रिटिश अमदानीत हेन्‍री सलिव्हन टॉमस ह्या मद्रास प्रांतातील सनदी अधिकाऱ्याचा द रॉड इन इंडिया हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातील छंद म्हणून केल्या जाणाऱ्या गळमासेमारीवर त्याचा दीर्घकाळ प्रभाव राहिला.

कृत्रिम आमिषांच्या आधुनिक इतिहासात पुढील टप्पे महत्त्वाचे आहेत. ज्यूलिओ ब्यूएल याने १८५२ मध्ये चमच्याच्या आकाराच्या धातूच्या आमिषाचे एकस्व मिळविले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेम्स हेडन याने मिशिगन राज्यात लाकडी आमिषे बनविण्यास प्रारंभ केला. फिनलंडमधील लाउरी रापाला ह्या कोळ्याने १९३६ मध्ये बुचाच्या लाकडापासून लंगडत पोहणारा मासा तयार केला. कळपातील दुबळा व वेडावाकडा पोहणारा मासाच भक्षक आधी उचलतो, हे त्याने प्रत्यक्ष पाहिले होते. १९४९ मध्ये निक क्रीम याने मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ बनविले आणि तेथून मऊ आमिषांचे युग सुरू झाले. मोठ्या मत्स्याकृती आमिषांचा प्रसार पुढे कॅलिफोर्नियातील जलाशयांतून झाला. त्या जलाशयांत ट्राउट माशांची पिल्ले सोडली जात व त्यांवर बास पोसले जात. हे ध्यानात आल्यावर गळकऱ्यांनी ट्राउटच्याच आकाराची व रंगाची, १५ ते २५ सेंमी. लांबीची आमिषे वापरण्यास सुरुवात केली. निवडीचे मूलतत्त्व ह्यातच आहे : जलाशयात भक्षक काय खात आहे ते प्रथम पाहावे, आमिष नंतर.

रचना व कार्य : मत्स्याकृती आमिषे मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार मऊ प्लॅस्टिक वा रबर यांचा. त्याची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असून पाण्याच्या रोधामुळे ती डावीउजवीकडे हलते व सर्व शरीरास हेलकावे देते. दुसरा प्रकार लाकूड किंवा कठीण प्लॅस्टिक यांचा. त्याचे दोन वा अधिक भाग सांध्यांनी जोडलेले असतात व ओढताना तो नागमोडी पोहतो. काही कठीण आमिषांच्या तोंडाशी पुढे आलेली जीभ असते. तिच्यामुळे ते ओढताना खाली जाते. तरंगणारे, पाण्यात अधांतरी राहणारे आणि बुडणारे असेही भेद आहेत व ते बनावटीच्या प्रकाराहून अधिक महत्त्वाचे आहेत. कारण मासा ज्या थरात आहे त्या थरातून आमिष न्यावयाचे असते. बुडणाऱ्या आमिषाची गती उथळ पाण्यात एकदा मोजून ठेवावी. सेकंदास ३० सेंमी. बुडणारे आमिष फेकल्यावर दहा आकडे मोजून ओढू लागल्यास ते सु. ३ मी. खोलीवरून येते.

भक्षक माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंस पार्श्वरेखा नावाचे संवेदी इंद्रिय असते. त्यायोगे जवळून जाणाऱ्या प्राण्याने पाण्यात उठविलेली कंपने त्यास कळतात. पाणी गढूळ असता डोळ्यांचे काम हीच रेखा करते. रंगांच्या छटांवर गळकरी घालवितात तो वेळ शेपटीच्या थरथरीकडे पाहण्यात घालविला, तर निदान आपल्याकडील पाण्यात तो अधिक सार्थकी लागेल.

जलाशय व त्यांतील मासे : बीड जिल्ह्यातील प्रमुख जलाशय म्हणजे गोदावरीची उपनदी सिंदफणा हिच्यावरील माजलगाव आणि केज तालुक्यात धनेगाव येथे मांजरा नदीवरील मांजरा. माजलगावची एकूण साठवणक्षमता सु. ४५४ दशलक्ष घ.मी., तर मांजराची सु. २२४ दशलक्ष घ.मी. आहे. माजलगाव जलाशयास पैठणच्या जायकवाडी धरणाच्या उजव्या कालव्यातूनही पाणी मिळते. बीड शहराजवळ पाली येथे बिंदुसरा हा लहान तलाव आहे. जिल्हा अवर्षणप्रवण असल्याने हे साठे वर्षावर्षाला फार बदलतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजराचा साठा संपल्यामुळे लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते.

मत्स्याकृती आमिषास येथे सर्वांत चांगला प्रतिसाद देणारा मासा मरळ होय. तिच्या चॅना स्ट्रायेटा व चॅना मारुलियस ह्या दोन जाती विशेष परिचित आहेत. मरळीस कल्ल्यांखेरीज हवेतील ऑक्सिजन घेणारे पूरक श्वसनेंद्रिय असल्याने ती मधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवा घेते. त्या वेळी उमटणाऱ्या वलयांवरून तिचा ठाव लागतो. ती दबा धरून बसते व जवळच्या सावजावर एकदम झेप घेते. शिवडा (वॅलागो अट्टू) हा रुंद तोंडाचा, एक मीटरहून अधिक वाढणारा मासा रात्री व संधिप्रकाशात फिरतो. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने तो असुरक्षित जातींत गणला आहे. शिंगाडा तळाशी राहतो. ह्या सर्वांचे भक्ष्य म्हणजे चेला नावाने ओळखले जाणारे चपटे रुपेरी मासे, पुंटियस वंशातील लहान मासे, तिलापियाची पिल्ले, बेडूक व झिंगे. त्यांत दरवर्षी सोडल्या जाणाऱ्या कटला-रोहूच्या बोटुकलीची भर पडते. ज्या जलाशयात नुकतीच बोटुकली सोडली आहे, तेथे तिच्याच लांबीचे व रुपेरी कुशीचे आमिष प्रथम वापरून पाहावे.

निवड : मरळीसाठी ७ ते १२ सेंमी. लांबीचे आमिष बहुधा पुरेसे होते. मोठ्या शिवड्यासाठी १५ सेंमी.पर्यंतचे घ्यावे. मासा मोठा म्हणून आमिष प्रचंड असावे, हा समज येथे उपयोगी पडत नाही. आमिष पाण्यात सोडून ते किती खोलीवर दिसेनासे होते ते आधी पाहावे. पावसाळ्यात काळ्या मातीचा गाळ घेऊन आलेल्या पाण्यात ते वीतभर खोलीवरच नाहीसे होते. अशा वेळी जाड शेपटीचे व गडद रंगाचे आमिष सावकाश ओढावे. गडद रंगाची आकृती खालून पाहणाऱ्या माशास आकाशाच्या उजेडावर ठळक दिसते. हिवाळ्यात गाळ बसून पाणी निवळते. मग नैसर्गिक रंगाचे, बारीक शेपटीचे आमिष अधिक चांगले. डिसेंबर-जानेवारीत पाणी थंड असता माशांची हालचाल मंदावते, म्हणून ओढही मंद ठेवावी लागते.

पातळी उतरू लागली म्हणजे उघड्या पडलेल्या जमिनीत शेतकरी गाळपेर करतात. पुढील पावसाळ्यात त्या पिकांची धसकटे, तण आणि काठच्या बाभळी पाण्याखाली जातात व मरळीस उत्तम आडोसा मिळतो. हीच जागा गळकऱ्यास सर्वांत त्रासाची, कारण तीन तोंडांचा गळ तेथे हमखास अडकतो. अशा ठिकाणी एकाच गळाचे मऊ आमिष घ्यावे. गळाचे टोक वरच्या बाजूस ठेवून आमिषाच्या पाठीत किंचित रुतवून लपवावे. झुडपातून ते सरकून येते आणि माशाने चावताच टोक उघडे होते. गळाचा बाक आमिषाच्या जाडीपेक्षा पुरेसा रुंद नसेल, तर टोक बाहेर पडत नाही व मासा सुटतो. ‘मासा आला पण लागला नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा बाकाचीच असते. झुडपात १० ते १५ किग्रॅ. ताण सोसणारा दोरा असावा. उघड्या व खोल पाण्यात, उदा. धरणाच्या भिंतीलगत, सांधेदार कठीण आमिष वापरता येते. कालव्याचे पाणी जलाशयात पडते तेथे प्रवाहाबरोबर लहान मासे गोळा होतात. आमिष तेथे प्रवाहाच्या दिशेने आणावे, कारण दुबळा मासा प्रवाहाविरुद्ध जात नाही.

प्रजननकाळ : मरळ पावसाळ्यात, तणात जागा मोकळी करून अंडी घालते. अंडी तरंगतात. पिल्ले बाहेर पडल्यावर त्यांचा तांबूस थवा पृष्ठभागाजवळ हिंडतो आणि जनक त्याखाली राहून राखण करतात. ह्या वेळी थव्याजवळून जाणाऱ्या कोणत्याही आमिषावर मरळ तुटून पडते. तेथे भुकेचा प्रश्न नसतो, तो पिलांच्या रक्षणाचा आवेश असतो. मत्स्याकृती आमिषाने मरळ पकडण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे आणि म्हणूनच तो वर्ज्य मानला पाहिजे. राखणदार नाहीसा होताच इतर मासे व पक्षी पिलांचा थवा थोड्याच वेळात विरळ करून टाकतात. चॅना स्ट्रायेटा ही जाती जलाशय आटला तरी ओल्या चिखलात काही काळ तग धरते व पाणी आल्यावर पुन्हा पसरते. परंतु दुष्काळानंतर उरणाऱ्या जोड्या थोड्या असतात आणि पुढील वर्षांची मरळ त्यांच्याच पिलांवर अवलंबून असते. तांबूस थवा दिसल्यास आमिष गुंडाळून दुसरी जागा पाहावी.

जलाशयांतील मासेमारीचा हक्क सर्वसाधारणपणे मत्स्यव्यवसायी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेला असतो. भोई व इतर मासेमारांची उपजीविका त्यावर चालते, म्हणून छंद म्हणून गळ टाकणाऱ्याने संबंधित संस्थेची परवानगी घेणे आवश्यक आहे. भक्षक मासे बोटुकली खातात म्हणून संस्थांना ते नकोसे असतात; पण जिवंत मरळीस बाजारात चांगला भाव मिळतो, त्यामुळे हे वैर पूर्ण नाही.

बासच्या शिकारीचे आकर्षण पाहून तो मासाच आपल्या तलावांत आणावा, असे कोणास वाटल्यास जपानचे उदाहरण पाहावे. तेथे १९२५ मध्ये आशी सरोवरात सोडलेला बास पुढे देशभर पसरला व बिवा सरोवरातील स्थानिक माशांवर त्याने संकट आणले. २००५ मध्ये अंमलात आलेल्या कायद्याने जपानला त्याची जिवंत वाहतूक व सोडणे यांवर बंदी घालावी लागली. त्याच बिवा सरोवरात २००९ मध्ये सु. १० किग्रॅ. वजनाचा बास सापडला आणि १९३२ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया राज्यात नोंदविलेल्या विक्रमाशी त्याची बरोबरी झाली. उलटपक्षी मरळीची आशियाई भावंडे अमेरिकेत उपद्रवी ठरली असून २००२ मध्ये मेरिलंड राज्यातील एका तळ्यात ती आढळताच ते तळे औषध टाकून निर्मत्स्य करण्यात आले.

मऊ प्लॅस्टिकची आमिषे कुजत नाहीत. तुटून पाण्यात राहिलेले तुकडे मासे गिळतात व त्यांच्या अन्नमार्गात ते अडकतात. म्हणून फाटलेली आमिषे काठावर न टाकता परत न्यावीत. पकडलेला मासा सोडून द्यावयाचा असल्यास गळाची आकडी पकडीने आधीच दाबून सपाट करावी. एका गळाच्या आमिषात हे सोपे असते व माशाच्या जबड्यास इजाही कमी होते.