जसे आहे, जेथे आहे

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर, निविदा आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या शेजारी, बँकांच्या ई-लिलावाच्या सूचना छापून येतात. अक्षर इतकं बारीक, की चष्मा असूनही भिंग शोधावं लागतं. डोंबिवलीतला वन बीएचके, पनवेलजवळचं रो-हाउस, चाकणचा गाळा. प्रत्येकापुढे कर्जदाराचं नाव, थकीत रक्कम, राखीव किंमत, इसारा अनामत रक्कम आणि लिलावाची वेळ. आणि हमखास एक वाक्य: मालमत्ता ‘जसे आहे जेथे आहे’, ‘जसे आहे जे आहे’ आणि ‘जे काही आहे तेथे आहे’ या तत्त्वावर विकली जाईल. ही शाब्दिक कसरत कोणी फारसं मनावर घेत नाही. प्रत्यक्षात सगळ्या सूचनेत हेच वाक्य सर्वांत महाग पडतं, कारण बँकेने हात झटकले आहेत ते इथेच.

घेणाऱ्याची नजर खिळलेली असते ती राखीव किमतीवर. शेजारच्या सोसायटीतल्या भावापेक्षा ती बऱ्याचदा कमी असते, आणि बोली घरबसल्या लावता येते. ऑनलाइन लिलावाची गंमत हीच आहे, की पडद्यावर किंमत रुपयापर्यंत स्पष्ट दिसते आणि बाकी सगळं धूसर. माल कसा आहे, त्याच्या मागे कोणाचं काय देणं लागलंय, समोर बोली वाढवणारा खरा आहे की बनावट, यातलं काहीच दिसत नाही. या लिलावांच्या बहुतेक तक्रारी त्या धुक्यातूनच निघतात.

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो तेव्हा व्यापारी ट्रॅक्टरमधला कांदा हातात घेऊन दाबून पाहतो. शेतकरी शेजारीच उभा असतो, आणि कोण किती बोललं हे दोघांनाही ऐकू येतं. तिथेही भाव पाडले जातात, व्यापारी संगनमत करतात; जुन्या काळी तर रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत होती आणि शेतकऱ्याला आकडा शेवटपर्यंत कळत नसे. म्हणजे उघड्यावरचा लिलाव सचोटीचाच असतो असं मुळीच नाही. पण माल आणि माणूस समोर असतात. इंटरनेटने नेमकं तेच काढून घेतलं.

ऑनलाइन लिलावाच्या धंद्याच्या सुरुवातीला होती तीही एक मोडकी वस्तू. १९९५ साली पिएर ओमिदियार या कॅलिफोर्नियातल्या प्रोग्रॅमरने ‘ऑक्शनवेब’ नावाची साइट सुरू केली. हीच पुढे ‘ईबे’ झाली. तिच्यावर सुरुवातीला विकली गेलेली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर. तो १४.८३ डॉलरला गेला. हा चालत नाही हे माहीत आहे ना, असं ओमिदियारने घेणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, मी बिघडलेलेच जमवतो. विक्रेत्याने खोट सांगितली, घेणाऱ्याला खोटच हवी होती. इतका सरळ व्यवहार पुढे फार वेळा झाला नसेल.

ईबेवर बोलीची पद्धत चलाख आहे. आपला कमाल आकडा आधीच गुपचूप भरून ठेवायचा, आणि यंत्र आपल्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवत नेतं. तुम्ही हजार भरलेत आणि दुसऱ्याची उडी सातशेपर्यंतच असेल, तर वस्तू तुम्हाला सातशेच्या थोडी वर मिळते. विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडलेल्या ‘दुसऱ्या क्रमांकाच्या किमती’च्या लिलावाचं हे भावंड. कागदावर त्याचा अर्थ असा, की वस्तूची आपल्या लेखी जी खरी किंमत असेल ती एकदाच भरावी आणि निवांत झोपावं. माणसं तसं करत नाहीत. लिलाव संपायला काही सेकंद उरले, की कुठून तरी एक बोली येते आणि आठवडाभर आघाडीवर असलेल्याच्या हातून वस्तू निसटते. या प्रकाराला ‘स्नायपिंग’ म्हणतात. ते करून देणारी सॉफ्टवेअरही आहेत.

पुढे नोबेल मिळवणारा ॲल्विन रॉथ आणि जर्मन अर्थशास्त्रज्ञ ॲक्सेल ओकनफेल्स यांनी २००२ मध्ये यावर एक सुरेख अभ्यास प्रसिद्ध केला. ॲमेझॉनचंही तेव्हा लिलावाचं दालन होतं. ईबेवर लिलाव ठरल्या क्षणी संपायचा, तर ॲमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत आपोआप वाढायची. शेवटच्या क्षणाची झुंबड ईबेवर कितीतरी जास्त होती, आणि ती नवशिक्यांपेक्षा मुरलेल्या लोकांची होती. संगणकांपेक्षा जुन्या कलावस्तूंच्या लिलावात ती आणखी जास्त. कारण उघड आहे. जाणकाराने लवकर बोली लावली, तर हे भांडं खरोखर जुनं आहे हे बाकीच्यांना फुकट कळतं. म्हणून तो गप्प बसून राहतो. हरणाऱ्याला ही लबाडी वाटते. खरं तर तो नियमाचा परिणाम आहे.

लबाडी वेगळी, आणि तिचं सर्वांत गाजलेलं उदाहरण २००० सालचं. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या एका वकिलाने ईबेवर एक अमूर्त चित्र मांडलं. गराज सेलमध्ये घेतलं, घरातल्या मुलाच्या खेळण्यातल्या सायकलने त्याला भोक पाडलं, आता बायको ते घरात ठेवू देत नाही, अशी भाबडी कहाणी सोबत जोडली. चित्रकाराचं नाव कुठेच नव्हतं. पण छायाचित्रात एका कोपऱ्यात ‘आरडी ५२’ अशी अक्षरं दिसत होती. रिचर्ड डीबेनकॉर्न या नामवंत अमेरिकी चित्रकाराचं अज्ञात चित्र एका अडाण्याच्या हाती लागलंय, असं चाणाक्ष लोकांनी ताडलं. २५ सेंटपासून सुरू झालेली बोली १,३५,८०५ डॉलरपर्यंत गेली. मग कळलं, की या भल्या गृहस्थाला ना बायको ना मूल, आणि बोली चढवणाऱ्यांत तो स्वतः आणि त्याचे साथीदार वेगवेगळ्या नावांनी होते. ईबेने विक्री रद्द केली. पुढे त्याने फसवणुकीचा गुन्हाही कबूल केला. मजा अशी, की चित्र अमुकाचं आहे असा दावा त्याने केलाच नव्हता. समोरचा मूर्ख आहे आणि आपणच तेवढे हुशार, या घेणाऱ्यांच्या समजुतीवर सगळा डाव उभा होता.

विकणाऱ्याचेही हाल कमी नाहीत. जोशात बोली लावणारे जिंकल्यावर गायब होतात, पैसे येत नाहीत, वस्तू पुन्हा मांडावी लागते. ईबेवर पूर्वी दोन्ही पक्ष एकमेकांना शेरा देत, आणि मग तू मला वाईट दिलास तर मी तुला देतो असं सूडसत्र चाले. मे २००८ पासून विक्रेत्यांचा वाईट शेरा देण्याचा हक्कच काढून घेण्यात आला. नव्या शुल्करचनेवर आणि या नियमाच्या घोषणेवर चिडलेल्या अनेक विक्रेत्यांनी त्या फेब्रुवारीत बहिष्कारही पुकारून पाहिला. कंपनीने नियम बदलला नाही.

भारतात हा प्रकार आला तो मुंबईतून. अवनीश बजाज आणि सुवीर सुजन यांनी २००० साली ‘बाझी डॉट कॉम’ काढली आणि २००४ मध्ये ईबेने ती सुमारे ५ कोटी डॉलरना विकत घेतली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बजाज यांना दिल्लीत अटक झाली, कारण एका विक्रेत्याने साइटवर एक अश्लील चित्रफीत विकायला ठेवली होती. आम्ही फक्त फळा पुरवतो, त्यावर कोण काय लिहितो याला आम्ही कसे जबाबदार, हा कंपनीचा प्रश्न अगदीच वावगा नव्हता. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती होऊन अशा मध्यस्थांना अधिक संरक्षण मिळालं. पण प्रत्येक जण ‘मी नुसता मध्ये आहे’ म्हणू लागला, की फसलेल्याने दाद कुठे मागायची हा प्रश्न उरतोच. त्यावर उतारा म्हणून माल पोचेपर्यंत पैसे थांबवून ठेवणारी ‘पैसापे’ ही सोय होती. तरी भारतीय गिऱ्हाइकाला लिलावाची वाट पाहण्यापेक्षा ठरीव किंमतच बरी वाटली. २०१७ मध्ये ईबेचा भारतातला व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ती साइट बंद झाली.

जुन्या नोटा-नाण्यांचा मोह मात्र गेला नाही. आजीच्या डब्यातल्या पाच रुपयांच्या नोटेला लाखो रुपये मिळतील, फक्त आधी कर आणि कमिशन भरा, अशी जाळी पसरली. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं, की असल्या व्यवहारांशी आमचा संबंध नाही आणि आम्ही कोणाकडून शुल्क मागत नाही. इथे तर विकणाराच आधी पैसे भरून बसतो.

हे झाले हजारांचे खेळ. बँकेच्या ई-लिलावात आयुष्यभराची पुंजी लागते. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना तारण मालमत्ता न्यायालयात न जाता विकण्याचा अधिकार दिला. नियम कडक आहेत. साधारणपणे राखीव किमतीच्या १० टक्के इसारा आधी भरायचा. बोली जिंकली की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी, इसाऱ्यासकट २५ टक्के पूर्ण करायचे. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तरी एकूण तीन महिन्यांच्या आत. चुकलात तर भरलेली रक्कम जप्त. शेवटच्या क्षणीच्या उडीला मात्र इथे फारसा वाव नाही, कारण बहुतेक लिलावांत शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की आणखी पाच मिनिटं वाढतात, कितीही वेळा. पण ऐन वेळी तुमचं इंटरनेट गेलं तर बँक आणि लिलाव चालवणारी कंपनी दोघीही जबाबदार नाहीत, हेही अटींत लिहिलेलं असतं.

जप्तीची अट नुसती धमकी नाही. सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या एका लिलावात १२.२७ कोटींची बोली लावणाऱ्याने ३.०६ कोटी भरले, पण उरलेले मुदतीत उभे करता आले नाहीत. बँकेने ते ३.०६ कोटी जप्त केले आणि नंतर तीच मालमत्ता १४.७६ कोटींना विकली. म्हणजे बँकेचं नुकसान झालं नाही, उलट फायदाच झाला. उच्च न्यायालयाने खरेदीदाराला दिलासा दिला, तो सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द केला. नियमात सूट देण्याची तरतूद नाही, असा कौल आला. गृहकर्ज मंजूर होईल या भरवशावर बोली लावणाऱ्यांनी हा निकाल आधी वाचावा.

पैसे वेळेत भरले म्हणजे सुटलो, असंही नाही. सूचनेत ‘प्रत्यक्ष ताबा’ लिहिलंय की ‘प्रतीकात्मक ताबा’, हे तपासायला हवं. प्रतीकात्मक म्हणजे दारावर नोटीस लागली आहे आणि आत कुटुंब राहतं आहे. ते बाहेर काढायला बँकेला जिल्हा दंडाधिकारी किंवा मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं, तोवर घेणाऱ्याचे हप्ते चालू. आत भाडेकरू असेल तर पुढचं विचारूच नये. पाहणीच्या दिवशी बंद दाराबाहेर उभं राहून इमारतीचा रंग बघण्यापलीकडे काही हाती लागत नाही.

शिवाय मागची देणी. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या वीज मंडळासंबंधीच्या प्रकरणांत ठरवलं, की नियमांत तशी तरतूद असेल तर जुन्या मालकाची वीजथकबाकी भरल्याशिवाय लिलावात घेणाऱ्याला नवी जोडणी नाकारता येते. आणि ‘जसे आहे जेथे आहे’ म्हटल्यावर असा बोजा असू शकतो हे घेणाऱ्याने गृहीत धरायला हवं. सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, पाणीपट्टी यांचंही तेच. जाणकार म्हणूनच बोलीआधी सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटतात, महावितरणचा ग्राहक क्रमांक मिळवून बिल बघतात, दुय्यम निबंधकाकडे शोध घेतात आणि कर्जवसुली न्यायाधिकरणात त्या मालमत्तेवर दावा आहे का ते वकिलाकडून काढून घेतात. हा खर्च बोली हरली तरी वाया जातो, म्हणून बरेच जण तो टाळतात.

सगळं तपासूनही काय होऊ शकतं हे नवी मुंबईच्या एमआयडीसीतल्या एका भूखंडाने दाखवलं. युनियन बँकेने त्याचे आठ लिलाव केले, सगळे फसले. २०२३ मध्ये नवव्या लिलावात ‘सेलिर एलएलपी’ने १०५.०५ कोटींची बोली लावली आणि पूर्ण रक्कम भरली. तेवढ्यात कर्जदार ‘बाफना मोटर्स’ १२९ कोटी देऊन मालमत्ता सोडवायला उभा राहिला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याला तशी मुभाही दिली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये ती फिरवली. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची सूचना प्रसिद्ध होताच कर्जदाराचा सोडवण्याचा हक्क संपतो, असं न्यायालयाने सांगितलं. एवढ्यानेही भांडण मिटलं नाही. अवमान याचिका करावी लागली आणि तिच्यावरचा निकाल डिसेंबर २०२४ मध्ये आला. शंभर कोटींचा खरेदीदार वकिलांची फौज उभी करू शकतो. डोंबिवलीच्या वन बीएचकेसाठी पीएफ मोडणाऱ्याने काय करायचं?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या त्या निकालाने खरेदीदाराला बळ मिळालं, कर्जदाराची मुदत मात्र आखडली. खरं तर लिलावातला विक्रेता तोच, फक्त त्याला कोणी विक्रेता म्हणत नाही. लिलाव फसला की बँक सहसा राखीव किंमत उतरवते. हे ठाऊक असल्यामुळे सराईत मंडळी पहिल्या लिलावाला हजेरीच लावत नाहीत; दुसऱ्या-तिसऱ्याची वाट पाहतात. प्रत्येक फेरीत घर स्वस्त होत जातं आणि थकबाकीवर व्याज चढत राहतं. विकून जास्त आले तर शिल्लक कर्जदाराला परत करावी लागते. कमी आले तर उरलेल्या रकमेसाठी बँक त्याच्यावर न्यायाधिकरणात पुन्हा दावा लावू शकते, घर हातचं गेल्यानंतरही.