‘दहाड’मधला खुनी एकटा नाही

गुन्हेगारी मालिका आपण ‘खुनी कोण?’ यासाठी बघतो. रीमा कागती आणि झोया अख्तर यांच्या ‘दहाड’ (२०२३) या वेब मालिकेत तो लवकरच कळतो. मग खरा प्रश्न उरतो : इतक्या मुली बेपत्ता होतात, तरी कुणी शोधत का नाही?

राजस्थानातल्या या मुली गरीब घरच्या, बहुतेक मागास जातींतल्या. हुंड्यापायी लग्न रखडलेलं. लग्नाचं आमिष दाखवणाऱ्याबरोबर त्या निघून जातात. घरचे लाजेने गप्प बसतात आणि पोलीस ‘पळून गेली’ म्हणून मोकळे होतात. एका मुलीच्या भावाला ठाण्यात दाद मिळत नाही. मुस्लिम तरुणाने पळवल्याचं तो खोटं सांगतो, तेव्हा यंत्रणा हलते. खुन्याला आडोसा मिळतो तो जात, हुंडा आणि ‘इज्जत’ यांचा.

तपास करणारी अंजली भाटी स्वतः दलित आहे. घराण्याचं मेघवाल हे आडनाव बदललेलं. अंगावर वर्दी असूनही एका उच्चजातीय घरात तिला दारातच अडवतात. शेवटी ती पुन्हा मेघवाल आडनाव लावते.

कथा काल्पनिक आहे, ठाण्यातला हा अनुभव नाही. म्हणून वस्तीतली मुलगी बेपत्ता झाली तर ‘पळून गेली असेल’ हे आपण आधी म्हणू नये. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. प्रकरण जातीय अत्याचाराचं असेल, तर कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या अधिकाऱ्यालाही अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ खाली शिक्षा होऊ शकते, हे ठामपणे सांगा.