ओळखीच्या डोहातील अनोळखी पाणी

वैशाखात कयाधूची धार क्षीण होत जाते आणि पात्रात उरतात ते डोह. शाळांना सुटी लागली की नर्सी नामदेवपासून कळमनुरीकडच्या गावांपर्यंत मुलांची पावले तिकडे वळतात. यात वावगे काही नाही. परंतु "हा डोह आमच्या ओळखीचा आहे" हा विश्वासच पुष्कळदा घातक ठरतो.

डोहाचा वरचा थर उन्हाने कोमट होतो. खालचे पाणी मात्र गारच राहते. उन्हात तापलेल्या अंगाने एकदम सूर मारला असता श्वास आपोआप आत ओढला जातो आणि तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणीच आत जाते. पट्टीचा पोहणाराही येथे फसतो. म्हणून प्रथम हातपाय, मान व छाती भिजवावी आणि मगच सावकाश उतरावे.

दुसरे असे की, गतवर्षीचा डोह यंदा तोच नसतो. पुराने कुठे गाळ साचतो, कुठे काठ खचतो; वाळू उपसली असेल तर गुडघाभर पाण्यालगतच पुरुषभर खड्डा असतो. बांबूने तळ चाचपल्याखेरीज उडी घेऊ नये. पूर्णेवर सिद्धेश्वर व पैनगंगेवर इसापूर येथे धरणे आहेत. त्यांच्या खालच्या पात्रात आभाळ निरभ्र असतानाही पाणी चढू शकते. तेव्हा विसर्गाची दवंडी प्रत्येक वस्तीपर्यंत पोहोचली पाहिजे.

'पोहण्यास मनाई' अशी पाटी लावून ग्रामपंचायतीचे कर्तव्य संपते, असे आम्हांस वाटत नाही. मुले पाटी वाचतात आणि पाण्यात उतरतात! त्यापेक्षा पावसाळ्यानंतर गावातील जाणत्या पोहणाऱ्यांकडून तळ तपासून घ्यावा, उथळ जागा खुणेने दाखवावी, काठावर लांब दोर व हवाबंद रिकामा डबा ठेवावा. शिक्षकांनी एक गोष्ट आवर्जून सांगावी : बुडणारा बहुधा ओरडत नाही, त्याला श्वासच पुरत नाही. त्याच्या मागे उडी न घेता दोर, धोतर वा बांबू फेकावा, कारण तो वाचवणाऱ्यालाच मिठी मारतो.

बाहेर काढल्यावर पोट दाबणे किंवा उलटे टांगणे या जुन्या उपायांत मोलाचा वेळ जातो. श्वास बंद असेल तर प्रथम तोंडाने श्वास द्यावा. नंतर छातीच्या मध्यभागी ३० दाब व २ श्वास असा क्रम चालू ठेवावा. तोवर दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. माणूस शुद्धीवर आला तरी त्याला रुग्णालयात न्यावेच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही उद्भवतो.